इंजिन फुटलं. आता जुना कॅटकॉन (धूर साफ करणारा डबा) न बघता दुसऱ्या इंजिनाला लावू का?

गोठ्यावरची डॉक्टर | कराड | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे, पण मी जनावरांची डॉक्टर. त्यामुळे सवयीनं केसपेपर पहिल्या ओळीपासून सांगणार, चालवून घ्या.

गाडी २०१६ची, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, बीएस-४. १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेत आणि त्यातले निम्मे तरी पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरचे. मागच्या आठवड्यात कोयनानगरच्या अलीकडे एक गाय अडली होती, वासरू आडवं. रात्री साडेनऊला ती मोकळी झाली, गाय-वासरू दोन्ही बरी. हातपाय धुऊन गाडी चालू केली तर मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटेना. आधी थोडं, मग पार अंग झटकल्यासारखं. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि लागून राहिला नाही, लुकलुकायला लागला. बाहेर पाऊस, मोबाइलला रेंज नाही, थांबून करणार काय? तशीच दामटली, तीसेक किलोमीटर. मल्हारपेठच्या अलीकडे बोनेटखाली कुणी घण घालावा असे चार-पाच ठोके आले आणि सगळं शांत. टोचन करून कराडला आणली.

हेड उघडलं तेव्हा मी मुद्दाम गॅरेजात उभी होते. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटलेलं. पिस्टनचा माथा टाकी लावलेल्या जात्यासारखा, आणि एका कडेला आरपार भोक. त्याच सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइलही मेलेली. कॉइल आधी गेली की व्हॉल्व्ह आधी, यावर गॅरेजात दोन पक्ष आहेत, तो वाद चालू राहू दे.

आता ५८ हजार किलोमीटर चाललेलं एक इंजिन भंगारवाल्याकडून मिळतंय. इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि त्यालाच जोडलेला कॅटकॉन मात्र माझ्याच गाडीचा चढवायचा बेत आहे. मी विचारलं, "कॅटकॉन बघायला नको का?" उत्तर आलं, "त्याला काय होतंय ताई, तो नुसता डबा." बाजूला उभा असलेला दुसरा म्हणाला, "पहार घालून पोटातलं पाडून टाका, गाडी उडेल."

मला दोन्ही पटेना. आमच्यात दावणीचं एखादं जनावर अचानक मेलं, तर दुसरं आणून तिथं बांधण्याआधी आधीचं कशानं मेलं ते फाडून बघतात. पण हा डबा तर चारी बाजूंनी बंद. मग आत बघायचं कसं, आणि काय दिसलं तर काय समजायचं? माझ्याकडे मोबाइलला लावायचा एक एंडोस्कोप कॅमेरा आहे, बोटापेक्षा बारीक. विहिरीतली मोटार बघायला घेतला होता.

---

रिकामा डबा | मंगळवार, रात्री ११:३२

टेन्शन घेऊ नका मॅडम. मी दोन वर्षांपूर्वी आतलं सगळं काढून टाकलं. पिकअप सुधारला, आवाज थोडा रांगडा झाला, तो तर आवडतो. बोर्डावर दिवा लागतो खरा, त्याला काळी चिकटपट्टी लावलीय. पीयूसीचं काय, होऊन जाते.

---

उद्यमनगर ७२ | कोल्हापूर | बुधवार, सकाळी ६:१५

वरचे साहेब तरुण दिसतात. त्यांच्याकडे नंतर येतो.

डॉक्टर, तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे. बेचाळीस वर्षं पाना धरलाय, त्यातली बरीचशी उद्यमनगरात बोअरिंगच्या मशिनीशेजारी गेली. नवीन इंजिन घालून दोन महिन्यांत परत आलेल्या गाड्या बघितल्यात. मालक इंजिनवाल्याच्या नावानं बोंब मारतो आणि खरा चोर शेजारी डब्यात बसलेला असतो.

तो कसा, ते आधी सांगतो. तुमच्या गाडीत डबा एक्झॉस्टच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आहे. थंड इंजिन चालू केल्याकेल्या तो लवकर तापावा म्हणून तसा जवळ ठेवतात. पण धूर सरळ एका दिशेनं वाहतो अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात, आणि तेवढ्यात धुराची लाट उलटी फिरून सिलिंडरमध्ये परत शिरते. डब्यातली सिरॅमिकची जाळी फुटून तिचा चुरा सुटलेला असेल, तर तोही तिच्याबरोबर आत जातो. सिरॅमिकची पूड म्हणजे पॉलिश पेपर. पिस्टनच्या रिंगा खाते, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खाते, मग गाडी ऑइल प्यायला लागते. ते ऑइल जळून परत त्याच डब्यात जातं. लई वाईट चक्र.

आता इंजिन कशानं गेलं यावर डब्यात काय शोधायचं ते ठरतं. मेन मेटल किंवा बिग एंडचं मेटल (क्रँकची बेअरिंगं) गेलं असेल तर कचरा ऑइलमध्ये फिरतो, डबा बहुतेक वाचतो. हेडचं पॅकिंग उडून कूलंट आत गेलं असेल तर जाळीवर पांढरट थर बसतो. रिंगा गेल्या असतील तर ऑइलची राख. पिस्टन-व्हॉल्व्ह फुटलं तर धातूचे तुकडे. आणि मिसिंगवर गाडी चालवली तर न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन तिथं पेटतं आणि जाळी वितळते. तुमच्या केसमध्ये शेवटची दोन्ही दुखणी एकदम आहेत. दिवा लुकलुकतो तो उगाच नाही. नुसता लागला तर सवडीनं दाखवा, लुकलुकला तर कॅटकॉन जळतोय, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, असा त्याचा अर्थ. तीस किलोमीटर म्हणजे लई झालं. रात्री-पावसात दुसरा इलाज नव्हता हेही खरं.

बघायचं असं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर खोला, २२चा पाना लागेल. आदल्या रात्री आट्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, घाईनं पिरगाळलात तर आटे निघून हातात येतील. सेन्सर निघाला की त्याचं टोक उन्हात धरून बघा. तो डब्याच्या दारात बसलेला साक्षीदार आहे. टोक पांढरं झालं असेल तर कूलंट, काळं-ओलं असेल तर ऑइल किंवा कच्चं पेट्रोल, ठेचलेलं असेल तर तुकडे इथून गेलेत. मग त्याच भोकातून तुमचा विहिरीचा कॅमेरा आत सोडा. मॅनिफोल्ड इंजिनवरून उतरवलंच आहे, तर वरच्या चार तोंडांतूनही बघता येईल, विशेषतः तीन नंबरच्या.

चांगली जाळी कशी दिसते? मधमाशीचं पोळं, पण भोकं चौकोनी, जेमतेम एक मिलिमीटरची. रंग फिका तपकिरी-राखाडी, सगळीकडे एकसारखा. तिथं कडा झडलेल्या दिसल्या, भोकं बुजलेली दिसली, चकाकी दिसली, की ती जाळी गेली.

डबा हातात धरून हलवा. आतून खुळखुळ आली तर जाळी सुटलीय. पण फसू नका, वरच्या उष्णतेच्या पत्र्याचे बोल्ट ढिले असले की तोही अस्साच वाजतो. आधी पत्रा काढा, मग हलवा. तोंडाला मास्क बांधा, ती पूड छातीत जायला नको. आणि कंप्रेसरची हवा मारू नका, बसलेला कचरा आणखी आत जाऊन रुततो.

चुंबक फिरवून "काही लागलं नाही" म्हणून खूश व्हायचं नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं पोलादाचं असलं तरी त्या जातीचं पोलाद बहुतेक वेळा चुंबकाला लागत नाही. चुंबकाला मिळाल्या तर रिंगा मिळतील.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी दहातले आठ गॅरेजवाले विसरतात: इनटेक मॅनिफोल्ड. व्हॉल्व्ह तुटल्यावर पिस्टन त्या तुकड्यांना वर ठोकत असतो. इनटेकचा व्हॉल्व्ह वाकून उघडा राहिला, की तुकडे उलटे इनटेकमध्ये उडतात. तिथं कोपऱ्यात गपगार पडून राहतात. दुसरं इंजिन चढवून पहिला स्टार्टर मारला, की आत. मी हे स्वतः करून बसलोय, १९९८ साली. एका मालकाला पदरचं पिस्टन घालून दिलं. म्हणून तुटलेल्या व्हॉल्व्हचे जेवढे तुकडे मिळालेत तेवढे फडक्यावर मांडा आणि जुळवा. जो मिळत नाही तो कुठंतरी आहे. हवेत विरत नाही.

जाता जाता: १९९५ला चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना हे डबे आले तेव्हा आमच्याकडं पंपावर शिशाचंच पेट्रोल. मुंबईची पाव्हणे मंडळी गाडी घेऊन जोतिबाला यायची, इथलं पेट्रोल भरायची आणि डबा मारून परत जायची. शिसं म्हणजे त्याला विषच. ते देशभरातून गेलं २००० साली, तवर किती डबे मेले कुणी मोजलं नाही.

रिकामा डबा साहेब, तुम्ही निदान पोटातला चुरा सगळा काढलात का? नसेल काढला तर पुढची मजा बोअरमध्ये बघायला मिळेल.

---

वायुमापक | पुणे | बुधवार, दुपारी १:४०

वरचा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीला लावण्यासारखा आहे. मी एका उत्सर्जन चाचणी प्रयोगशाळेत काम केलंय, त्यातून एक भर आणि एक दुरुस्ती.

भर अशी: ती जाळी बहुधा कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची असते. ते वितळायला सुमारे १४०० अंश सेल्सियसच्या पुढे जावं लागतं. एरवी चालत्या गाडीत डबा साधारण ४०० ते ८०० अंशांत असतो. म्हणजे जाळी वितळलेली दिसली तर आत केवढी भट्टी पेटली होती याचा अंदाज करा. तुलनेला ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच पातळ होतं. त्यामुळे पिस्टनचे कण जाळीवर डाग दिल्यासारखे थेंब होऊन चिकटलेले सापडतात.

दुरुस्ती अशी: डोळ्यांनी बघून अर्धंच कळतं. जाळीच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण. १००० अंशांच्या वर गेलं की हे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि त्या थराची छिद्रं मिटतात. जाळी बाहेरून धडधाकट, पण काम करणारा पृष्ठभाग गेलेला. तेव्हा जाळी फुटली नाही, इंजिनाला धोका नाही, एवढं कॅमेरा सांगेल. ती धूर साफ करते का, हे गाडी चालू झाल्यावर मागचा सेन्सर सांगेल. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज खालीवर नाचत असताना मागचं ०.६-०.७च्या आसपास शांत राहिलं तर डबा जिवंत. मागचंही पुढच्यासारखं नाचायला लागलं तर मेलेला, मग स्कॅनरवर पी०४२० (कॅटकॉन नीट काम करत नाही, हा कोड) येणारच. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तिथं आकडे निराळे दिसतील, पण मागच्याची शांतता तीच.

आणखी एक. बॅटरी मारून आरपार उजेड दिसतो का बघा असं काही जण सांगतात. डब्यात एका मागे एक दोन जाळ्या असतील तर त्यांची भोकं जुळत नाहीत. डबा चांगला असूनही उजेड नीट दिसत नाही, त्यावरून त्याला फाशी देऊ नका.

रिकामा डबा, तुमच्या चिकटपट्टीबद्दल: दिवा कायमचा लागलेला, वर झाकलेला. उद्या तुमची कॉइल गेली आणि तो लुकलुकला तर तुम्हाला कळणार कसं?

---

रिकामा डबा | बुधवार, दुपारी २:०५

हा मुद्दा डोक्यात आला नव्हता, कबूल.

---

गोठ्यावरची डॉक्टर | गुरुवार, रात्री ९:२०

काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुमचा प्रतिसाद गॅरेजात मोठ्यानं वाचून दाखवला. आधी हसले, इनटेकचा परिच्छेद आला तेव्हा गप्प झाले.

आज दुपारी तीन तास शवविच्छेदन केलं. क्रमानं सांगते.

तुकडे जुळवायचं तुम्ही म्हणालात. दवाखान्यातला किडनी ट्रे नेला, खाली कापूस पसरला आणि मांडामांड केली. व्हॉल्व्हचं डोकं पाच रुपयांच्या नाण्याएवढं. दोन मोठे तुकडे सिलिंडरमध्ये होते, एक पिस्टनच्या माथ्यात रुतलेला. जुळवल्यावर अमावास्येनंतरच्या चंद्रासारखी एक कोर कमी. पण कडा ठोकून ठोकून बोथट झाल्यात, नुसत्या डोळ्यांवर भरवसा बसेना. मग औषध तोलायचा काटा काढला. दोन नंबरचा धड एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २४ ग्रॅम. तुटक्याची दांडी आणि सगळे तुकडे मिळून २१.८. म्हणजे २.२ ग्रॅम माल फरार.

इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचं आहे. उलटं करून थोपटलं तर काही पडलं नाही. गॅरेजवाल्यांचा चेहरा खुलला. मग कॅमेरा घातला. थ्रॉटलच्या खालच्या पोकळीत काळ्या चिकट ऑइलच्या थरात काहीतरी चमकलं. वाकवलेल्या तारेला स्टिकिंग प्लास्टर उलटं गुंडाळून ओढून काढलं, गाईच्या नाकातली जळू काढताना करते तसंच सावकाश. तुरीच्या डाळीएवढा पोलादाचा तुकडा, ०.६ ग्रॅम. आणि दोन नंबरच्या नळीत ॲल्युमिनियमचे चार-पाच रवाळ कण. तिसऱ्याचा कचरा दुसऱ्याच्या नळीत! म्हणजे शेजाऱ्यालाही प्रसाद मिळणार होता.

आता डबा. सेन्सर रात्रभर भिजवला होता, तरी निघताना किंचाळला. टोक काळं आणि एका बाजूनं चेपलेलं. वरचा पत्रा काढून डबा हलवला. खुळखुळा. अगदी बारक्या पोराच्या हातातला.

तीन नंबरच्या तोंडातून कॅमेरा सोडला तर पहिलं दृश्य: जाळीच्या काठाला आणि भिंतीला सांदीत अडकलेला नखाएवढा तुकडा. चिमट्यानं निघाला. काट्यावर १.६ ग्रॅम. ०.६ अधिक १.६, हिशोब बंद. मला इतका आनंद झाला की गॅरेजातल्या पोरानं विचारलं, मॅडम गाडी गेलीय ना तुमची?

जाळीचा तिसऱ्याकडचा भाग उंदरानं कुरतडल्यासारखा झडलेला. त्यावर करड्या रंगाचे डाग, वायुमापक म्हणतात तसे थेंब. आणि मध्यभागी खड्डा. कॅमेरा तिथं खाली नेला तर चौकोनी भोकं नाहीतच. काळा-हिरवट, काचेसारखा चकाकणारा गोळा. वीटभट्टीत आगीच्या तोंडाशी वीट जास्त भाजून वितळते, तिला आमच्याकडे खंगर म्हणतात, हुबेहूब तसा. त्याच्या कडेनं जाळीचे सुटे तुकडे, बोटानं ढोसलं की हलणारे.

हे फोटो बघून गॅरेजवाले म्हणतात, "सुटे तुकडे काढून टाकू, बाकी अर्धी जाळी चांगली आहे, चालेल." चालेल का?

---

उद्यमनगर ७२ | कोल्हापूर | शुक्रवार, सकाळी ५:५०

काका म्हणा की, खुशाल. काट्यावर व्हॉल्व्ह तोलायची अक्कल बेचाळीस वर्षांत मला सुचली नाही. आता नातवाला शिकवतो.

चालणार नाही. खंगर झालेली जाळी तापून-थंड होऊन रोज थोडी थोडी तडकत राहणार. आज सुटे तुकडे काढाल, पुढच्या महिन्यात नवे सुटतील, आणि वर तुमचं ५८ हजार चाललेलं इंजिन तोंड उघडून बसलंय. शिवाय मधला भाग बुजलाय म्हणजे धुराला वाट कमी. चढाला गाडी दम टाकणार. तुम्हाला रोज चढच.

आता नवा कुठला? बाजारात नऊ-दहा हजारांत मिळतात त्यात किमती धातू हात राखून घातलेला असतो. काही महिने बरं चालतं, मग दिवा. भंगारातला जुना मिळाला तर कॅमेऱ्यानं बघून घ्या, पण मिळणं कठीण. भंगारवाला गाडी फोडताना पहिला हात डब्यालाच घालतो, त्यातल्या प्लॅटिनमसाठी तो वेगळाच विकला जातो. पैसे असतील तर कंपनीचा घ्या, पार्ट नंबर जुळवून, तुमच्या बीएस-४ गाडीचाच.

जुना डबा गॅरेजात सोडून येऊ नका. "मॅडम, भंगार टाकून देतो" म्हणतील. अजिबात नाही. जाळी निम्मी वितळली तरी आतला धातू कुठं गेलेला नाही. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून द्या.

मागचा सायलेन्सरही उतरवून आपटून बघा. डब्यातून सुटलेला माल तिथं जाऊन बसतो आणि नव्या डब्याच्या पाठीमागं बूच मारतो. नंतर शंका आली तर पुढच्या सेन्सरच्या भोकाला गेज लावून दाब बघता येतो. आयडलला सव्वा पीएसआयच्या आत, अडीच हजार आरपीएमला तीनच्या आत हवा.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मागून निळा-पांढरा धूर येईल. पाइपात जुनं ऑइल पडलेलं असतं ते जळतं. घाबरू नका, पण तेवढ्यात रेसही करू नका.

---

सड्यावरचा | रत्नागिरी | शुक्रवार, सकाळी ११:१५

मध्येच घुसतो, माफ करा. माझी टर्बो पेट्रोल आहे, पिस्टनची रिंग तुटून कडेचा कपचा उडालाय. धूर आधी टर्बोतून जातो, डबा त्याच्यानंतर आहे. मलाही हे सगळं लागू का?

---

उद्यमनगर ७२ | कोल्हापूर | शुक्रवार, दुपारी १२:३०

लागू, पण तुमच्यात तुकडे आधी टर्बोच्या पंख्यावर आदळणार. डब्यापर्यंत पोचला तर चुरा. आधी टर्बिनच्या पात्यांच्या कडा बघा, एकही पातं टिचलेलं असेल तर टर्बो बदलल्याशिवाय इंजिन चढवू नका. शाफ्ट बोटानं हलवून बघा. डबा त्याच्यानंतर. आणि इंटरकूलर धुवा, त्यात ऑइल साचतं, ते कुणी बघत नाही.

---

गोठ्यावरची डॉक्टर | कराड | सहा आठवड्यांनंतर, रविवार

धागा अर्धा सोडून गेले होते. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात अडकले होते.

कंपनीचा डबा घेतला. ४६ हजार. बऱ्या म्हशीची निम्मी किंमत, आणि ही दूधही देत नाही. सायलेन्सर आपटला तर मूठभर पांढरट-राखी खडे पडले, ते बघून गॅरेजवाल्यांनी स्वतःहून मागचा पाइपही धुतला. पुढचा सेन्सर नवा टाकला, चारही कॉइल बदलल्या. कॉइलवर काटकसर करायची हौस फिटली.

पहिल्या स्टार्टला काका म्हणाले तसाच धूर. समोरच्या चहावाल्यानं शटर ओढलं. वीसेक मिनिटांत निवळला.

आज ११०० किलोमीटर झाले. स्कॅनर लावून मागच्या सेन्सरकडे दहा मिनिटं बघत बसले: ०.६५, ०.६८, ०.६७. रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा शांत. पीयूसी यंत्रासमोर उभं राहून करून घेतली: कार्बन मोनॉक्साइड ०.०२ टक्के, मर्यादा ०.३. हायड्रोकार्बन १८ पीपीएम, मर्यादा २००. ऑइल डिपस्टिकवर केसभरही उतरलेलं नाही.

जुन्या डब्याला पहिला भंगारवाला बाराशे म्हणाला, तिसरा साडेचार हजार. तिसऱ्याला दिला.

---

रिकामा डबा | रविवार, रात्री ८:१०

मीही मॅनिफोल्ड उतरवून कॅमेरा घातला. जाळीची कड वेल्डिंगच्या सांध्याला चिकटून राहिलीय, बोटानं पूड निघते. तीन नंबरच्या प्लगच्या भोकातून बोअरवर उभे ओरखडे दिसले. काका, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून मग बोलतो. कंपनीचा डबा घेताना पार्ट नंबर चेसिस नंबरवरून मिळतो ना?

---

उद्यमनगर ७२ | कोल्हापूर | रविवार, रात्री ८:४५

मिळतो. आधी कॉम्प्रेशन, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत एकदा. दुसऱ्या वेळी आकडा चढला तर रिंगा-बोअर झिजलेत. चिकटपट्टी काढा.

डॉक्टर, ते व्हॉल्व्हचे दोन तुकडे ठेवलेत का टाकलेत? चुंबक लावून बघितला का?

---

गोठ्यावरची डॉक्टर | कराड | रविवार, रात्री ९:३०

ठेवलेत. दवाखान्यात टेबलावर एक काचेची बरणी आहे. जनावरांच्या पोटातून निघालेल्या तारा, खिळे, सायकलचा एक स्पोक, सगळं तीत जमा होतं. शेतकऱ्याला वैरणीत तार जाऊ देऊ नका म्हणून नुसतं सांगण्यापेक्षा बरणी दाखवलेली बरी. गाईच्या पोटात तार गेली तर आम्ही तिला चुंबक गिळवतो, तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात बसून तारा धरून ठेवतो. तसलाच एक चुंबक बरणीशेजारी असतो.

तुमचा प्रश्न वाचून आत्ताच लावून बघितला. बरणीच्या तळाखालून चुंबक फिरवला की तारा-खिळे सगळे अंगात आल्यासारखे उठतात. व्हॉल्व्हचे दोन्ही तुकडे जागचे हलत नाहीत.